चिंचेनं घासलेली मेमरी

मुलगा म्हणतो, "बाबा, लिहून काढा, मन मोकळं होईल." माझं मन म्हणजे काय तुंबलेली मोरी आहे? काठी घातली की मोकळी? तरी लिहायला बसलोय, पण मन मोकळं करायला नाही. भांडायला बसलोय. ज्यांच्याशी भांडायचं होतं ते सगळे मेले. बाप गेला, आई गेली, आणि गेल्या थंडीत कुंदा, माझी बायको, तीही गेली. जिवंत माणूस उलट बोलतो, आपणही बोलतो, मग दोघांना भूक लागते आणि भांडण मिटतं. मेलेलं माणूस फोटोतून नुसतं बघत राहतं. भेटायला येणारे म्हणतात, "किती शांत होत्या हो वहिनी, कधी कुणाला दुखवलं नाही." मला तर राग त्याचाच आहे. दुखवायला पाहिजे होतं. निदान एकदा.

लहानपणीचं लिहायचं म्हटलं की लोक शाळा, विटीदांडू, पहिली सायकल असलं काय काय लिहितात. मला सातवीत मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं, तो मी बाहेरच राहिलो. पुढची सतरा-अठरा वर्षं बापाशेजारी बसून तांबं ठोकलं. त्या वर्षांत मी वाढलो असं म्हणता येणार नाही, वजनाला भरलो इतकंच. आपल्या घरातली माणसं वाईट नसली तरी आपलं वाटोळं करू शकतात, हे ज्या वर्षी कळतं त्या वर्षी माणूस वाढतो. मला ते तिशी उलटल्यावर, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कळलं. उशीर झाला, पण आमच्या घरात सगळंच उशिरा यायचं. फोनही आळीत सगळ्यांच्या नंतर आला.

कसब्यात आमची तांबटांची आळी. खाली दुकान म्हणजेच कारखाना, वर दोन खोल्या. सकाळी नळाला पाणी यायच्या सुमारास पहिली हातोडी पडायची, मग दुसऱ्या घरात दुसरी, आणि न्याहारी होईपर्यंत सगळी आळी वाजायला लागायची. आम्ही मठारायचो, म्हणजे तयार भांड्याच्या अंगावर हातोडीनं एकसारखे ठोके उमटवायचे, म्हणजे तांबं घट्टही होतं आणि चमकतंही. आप्पा, माझे वडील, आवाजावरून सांगायचे की ठोका चुकला. मान वर न करता म्हणायचे, "दत्त्या, झोपलास काय?" त्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. त्यामुळं आमच्या घरात कुणी रागावलंय की नुसतं मीठ मागतंय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. दुपारी आई जिन्यावरून हाक मारायची, हातोड्या थांबायच्या, आणि कानात नुसती शिट्टी वाजत राहायची. त्या शिट्टीत आम्ही भाकरी, चिंचेची आमटी आणि ताक जेवायचो. आमच्याकडं चिंच कायम बरणीभर असायची. अर्धी आमटीला, अर्धी तांब्याला. काळं पडलेलं भांडं चिंच-मिठानं चोळायचं, राख लावून काथ्यानं घासायचं, धुवायचं, की उन्हात नजर ठरत नाही इतकं झळकतं. काळवंडलेला धातू घरात नुसता पडून राहिलेला आप्पांना बघवायचा नाही. पाहुण्याच्या कंबरेच्या पट्ट्याचं बक्कल मळलेलं दिसलं तरी त्यांचा हात शिवशिवायचा.

पण धंदा बसत चालला होता. घराघरात गिझर लागले, बंब कुणाला नकोसा झाला, हंडे-कळश्या मोडीत निघाल्या. सगळं पुणं कॉम्प्युटर-कॉम्प्युटर करत सुटलं होतं. ज्याला त्याला क्लास लावायचा होता. तांबटाला पोरगी देताना लोक दारातच विचारायचे, "मुलगा दुसरं काय करतो?" दुसरं काय करणार? म्हणून माझं लग्न रखडलं. शेवटी लोणी काळभोरच्या एका माणसानं मुलगी दिली, ती कुंदा. बारावी झालेली, माझ्यापेक्षा पाच इयत्ता पुढं. तिच्या वडिलांनी बघण्याच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं, "पोरगी नोकरी करतीया. ती सोडणार नाय. पटत आसंल तर बघा." आप्पांना पटलं नव्हतं. पण पर्यायही नव्हता, म्हणून त्यांनी ते न बोलता गिळलं आणि पुढं वर्षभर रवंथ केलं.

तिची नोकरी मला आधी कळलीच नाही. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासले की काय तपासलं ते तोंडानं बोलून ठेवतात, तो आवाज इकडं येतो, आणि औंधच्या पलीकडच्या एका ऑफिसात पोरी कानाला हेडफोन लावून तो इंग्रजीत टाइप करतात. कुंदाचा कान फार तयार होता. तिकडचा डॉक्टर नाकातून बोलू दे नाहीतर जेवता जेवता बोलू दे, तिला शब्द बरोबर कळायचा. आई शेजारणींना सांगायची, "आमची सून अमेरिकेतल्या लोकांची दुखणी ऐकते. माझे गुडघे दुखतात ते हिला ऐकू येत नाही." आणि आप्पा? आप्पा तिच्याशी बोलायचेच नाहीत. ती समोर उभी असली तरी आईला म्हणायचे, "तिला सांग, पाणी दे म्हणावं." ती पाणी द्यायची. पाणी घेऊन म्हणायचे, "तिला सांग, बस चुकेल." भांडण नव्हतं, पण सुनेचं काम म्हणजे काम, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. जे ठोकलं की वाजत नाही ते त्यांच्या लेखी कामच नव्हतं.

कुंदाला दिवस गेले आणि बसचा प्रवास तिला सोसेना. दोन बस बदलायच्या, त्यातली दुसरी कायम भरलेली. सहाव्या महिन्यात ऑफिसातल्या मॅडमनी तिला एक जुना लॅपटॉप दिला. ऑफिसातले साहेब नवे घेऊन बसले होते, त्यांचा उतरलेला. मॅडम म्हणाल्या, "घरून काम कर. सीडीवर फायली न्यायच्या, टाइप करून आणून द्यायच्या. पण आमचा नवा प्रोग्राम ह्यावर चालला पाहिजे. ह्याची मेमरी कमी पडते. ती वाढवून घे आणि दसरा झाला की चालवून दाखव. नाही चालला तर ती जागा दुसरीला जाईल." म्हणजे सगळं त्या मेमरीवर येऊन ठेपलं. मेमरी वाढली तर कुंदा घरी बसून काम करणार, नाहीतर पोट सांभाळत बसला लटकणार किंवा नोकरी सोडणार.

तो लॅपटॉप पाटासारखा जाड आणि वरवंट्यासारखा जड होता. कुंदा त्यावर आवाज लावायची आणि तो मधेच अडकायचा. डॉक्टर "द पेशंट" म्हणून गप्प व्हायचा, पेशंटचं पुढं काय झालं ते मिनिटभर कळायचं नाही. मी तिला विचारलं होतं, "मेमरी कमी म्हणजे काय? विसरतो काय तो?" ती म्हणाली, "विसरत नाय हो. समजा तुम्ही एवढ्याशा पाटावर बसलाय, एका वेळी एकच भांडं घेता येतं. पाट मोठा केला की चार भांडी शेजारी मांडता येतील. तसंच हाय ते." मला एका झटक्यात समजलं. तसं समजावणारा मास्तर मिळाला असता तर मी सातवीच्या पुढं गेलो असतो.

मेमरी आणायला मी गेलो, कारण ती ऑफिसात होती आणि अष्टमी होती, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. तिनं कागदावर जात लिहून दिली होती, म्हणजे कुठल्या प्रकारची, किती एमबीची. दुकानदार माझ्या काळ्या हातांकडं बघत बसला. म्हणाला, "एवढ्या जुन्या मशिनची आता येत नाही. एक वापरलेली आहे. शेवटचीच. हवी तर घ्या." बोटभर लांबीची हिरवी पट्टी, तिच्यावर काळे चौकोन, आणि खालच्या कडेला ओळीनं सोनेरी दात. दात काळवंडलेले होते. मी म्हणालो, "हे काळं पडलंय." तो म्हणाला, "लावायच्या आधी साफ करून घ्या, चालेल," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. कशानं साफ करायचं ते सांगायला काय त्याची जीभ झिजणार होती? मीही विचारलं नाही. धातू साफ कसा करायचा हे तांबटानं दुकानदाराला विचारायचं?

घरी आलो तेव्हा खाली आप्पांचं खंडेनवमीचं चाललं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्यासारखे लोक अवजारांची पूजा करतात. आदल्या दिवशी हातोड्या, मोगऱ्या, कातरी, पकडी सगळं घासूनपुसून ठेवायचं, नवमीला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, आणि त्यानंतर दसरा होईपर्यंत एकाही अवजाराला हात लावायचा नाही. अवजार त्या दिवशी देव असतं, देवाला राबवत नाहीत. आप्पा परातीत चिंच भिजवून बसले होते. मी कोनाड्यात ती पट्टी कागदावर ठेवली आणि म्हणालो, "ही कुंदाच्या कॉम्प्युटरची. ती आली की साफ करून बसवणार आहे. हात लावू नका." आप्पांनी मान वर केली नाही. मग मी एक बंब सदाशिव पेठेत पोचवायला गेलो.

परत आलो तेव्हा कुंदा नुकतीच येऊन पाय धुवून उभी होती आणि आप्पा तिच्याशी बोलत होते. थेट तिच्याशी, मधे आई नव्हती. सगळी अवजारं खिडकीत ओळीनं वाळत घातली होती. आजोबांची हातोडी, तिच्या शेजारी आप्पांची, तिच्या शेजारी माझी, आणि माझ्या शेजारी ती हिरवी पट्टी. दात असे झळकत होते की सोनाराच्या काचेतून काढल्यासारखे. पाण्याचे थेंब अजून अंगावर होते. काळ्या चौकोनांवर काथ्याचे ओरखडे दिसत होते, आणि दातांच्या वर कडेला जे मोहरीएवढे दाणे चिकटवलेले होते त्यातले काही नव्हतेच. घासण्यात गेले होते. आप्पा म्हणाले, "सूनबाई, तुझंही अवजार घासून ठेवलंय. फार काळं झालं होतं. उद्या आपल्या अवजारांत मांडू." आतून आई ओरडली, "आणि आमटीला चिंच ठेवली नाहीये! अख्खी बरणी ओतली त्या चपट्या काडीवर!"

मी पुढं झालो. काय बोलणार होतो ते आजही तोंडात आहे. "आप्पा, तुम्ही तिच्या पोटावर पाय दिलात," असं म्हणणार होतो. कुंदानं माझं मनगट धरलं. ती बारीक अंगाची, आणि मी जन्मभर हातोडी धरलेला माणूस, तरी ते मनगट मला सोडवता आलं नाही. ती आप्पांना म्हणाली, "मामंजी, फार सुंदर झालंय." आणि आप्पा हसले. माझ्या बापाला तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्याचाही राग आला.

वर गेल्यावर मी फुटलो. म्हणालो, "कळतंय का तुला काय झालंय? सांगून टाक त्यांना!" ती पदरानं पाय पुसत म्हणाली, "सांगून दाणे परत चिकटत्यात का?"

"मग निदान त्यांना कळू दे तरी!"

"अहो, त्यांनी माझं काम अवजारात धरलं. आजवर कुणी धरलं होतं? ते परत उचलायला लावू?"

"मान मिळाला, अवजार मेलं. मान काय चाटायचाय?"

"वाळल्यावर चालंल कदाचित," ती म्हणाली. ह्या बाईला अमेरिकेतल्या माणसाच्या फुप्फुसात काय बिघडलंय ते डॉक्टरच्या नाकातल्या आवाजावरून कळायचं, आणि ही म्हणते वाळल्यावर चालेल.

नवमीला पूजा झाली. आप्पांनी लॅपटॉपही खाली मागवला, पाटावर मधोमध ठेवला आणि त्याच्या झाकणावर कुंकवाचा टिळा लावला. मग पट्टीवर हळद वाहायला चिमूट उचलली तशी कुंदा हळूच म्हणाली, "मामंजी, हळद जरा कमी. खाचेत जाते." तेवढंच बोलली. आळीतली माणसं दर्शनाला आली. आप्पा प्रत्येकाला दाखवत होते, "ही सूनबाईची मेमरी. मी घासली." दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं, श्रीखंड-पुरी झाली, आणि मग अवजारं उचलायला मोकळीक मिळाली. कुंदानं लॅपटॉप वर आणला, पालथा केला. मागच्या झाकणाचा स्क्रू मी काढला, तेवढं मला येत होतं. तिनं आधी शेजारच्या तांब्याच्या हंड्याला हात लावला. क्लासमध्ये शिकवलं होतं म्हणे, अंगातली वीज आधी धातूत सोडायची, मग आत हात घालायचा. आमच्या घरात हात लावायला धातूला काय तोटा! पट्टी तिरकी धरून खाचेत घातली, खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या चिमट्यांनी टक् करून धरली. सरळ करून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. पडदा काळा. आतून पीं, पीं, पीं असा आवाज यायला लागला. तिनं बंद केला, पट्टी काढली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. पीं, पीं, पीं.

खालून आप्पांनी हाक मारली, "काय सूनबाई, चाललं ना?"

तिच्या समोर तो काळा पडदा होता. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "चाललं, मामंजी! छान चाललंय!" मग पट्टी काढून बाजूला ठेवली, जुन्याच मेमरीवर लॅपटॉप सुरू केला, आणि आप्पा वर आले तेव्हा पडद्यावर चित्र होतं. त्यांनी कौतुकानं बघितलं. त्यांना काय कळणार, पाट तेवढाच आहे ते.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उचलून तिच्याबरोबर ऑफिसात मी गेलो. काचेचा दरवाजा, आत गारठा, पोरापोरींच्या रांगा. मॅडमनी प्रोग्राम लावला, आवाज अडकला. कुंदानं पट्टी पुढं केली. एका पोरानं ती उजेडात धरली, वास घेतला. चिंचेचा वास अजून येत होता. "हे काय केलंय?" कुंदा म्हणाली, "मी धुतली. चिंचेनं." पोरगा असा हसला की चार खुर्च्या वळल्या. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी खास पुणेरी केलं. "बरं झालं, दिवाळी जवळच आलीये," त्या म्हणाल्या, "माउसलाही अभ्यंगस्नान घाला. उटणं आहे ना घरी?" सगळी खोली हसली. मी बोलायला तोंड उघडलं आणि कुंदानं माझ्या पायावर पाय दिला. चांगला रुतवून दिला. मला सांगायचं होतं, हिनं नाही धुतली. हिला तुमच्यातल्या निम्म्यांपेक्षा जास्त कळतं. जो धुवून बसलाय तो घरी आळीत मिरवतोय, आणि ही इथं त्याचं हसं स्वतःच्या डोक्यावर घेतेय. हे सगळं मला सांगायचं होतं. नाही सांगता आलं. घरच्या कामाची जागा दुसऱ्या पोरीला गेली. ऑफिसात पुढं किती तरी दिवस हिला चिंच म्हणत होते, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं, तेही हसत.

आठवा महिना लागेपर्यंत ती बसनं गेली. मी तिला चौकापर्यंत सोडायचो आणि ती दांड्याला धरून वर चढताना बघायचो. मग घरी येऊन ज्या माणसामुळं ती लटकत गेली त्याच्याच शेजारी बसून ठोकायचो. तो माणूस खूश होता. आता तो तिच्याशी बोलायचा, "सूनबाई, दमलीस का," म्हणायचा. मधेच म्हणायचा, "एवढी मेमरी वाढवली, तरी हिला ऑफिसात का बोलावतात कुणास ठाऊक! मोठे लोभी लोक." आळीतली माणसं त्याच्याकडं रेडिओचे तुकडे, घड्याळाचे तुकडे, टॉर्चच्या तारा घेऊन यायची, "आप्पा, तेवढं चिंचेनं उजळून द्या." दोन रेडिओ कायमचे गप्प झाले. कुणी काही बोललं नाही, आप्पांना कोण बोलणार? आठव्या महिन्यात कुंदानं नोकरी सोडली. आमचा महेश जन्मला. तिला परत कामाला उभं राहायला वर्षं लागली. आधी आळीतल्याच एका छपाईवाल्याकडं लग्नपत्रिका टाइप करायची. ज्या बाईला अमेरिकेतले डॉक्टर कळायचे ती 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' टाइप करत बसली. पुढं तिचं चांगलं झालं, दुसऱ्या ऑफिसात लागली, शेवटी तर नव्या पोरींना शिकवायची. लोक म्हणतात, झालं ना चांगलं? झालं. मधली वर्षं कुणी परत दिली?

आणि दर खंडेनवमीला आप्पा विचारायचे, "सूनबाई, तुझं अवजार आण." ती एका तांब्याच्या डबीतून ती मेलेली पट्टी काढून द्यायची. आप्पा ती चिंचेनं घासायचे. दर वर्षी! जी वस्तू एकदाच मरू शकते तिला ते दर वर्षी घासत होते, आणि ती दर वर्षी म्हणायची, हळद कमी, खाचेत जाते. मी दर वर्षी पुढं व्हायचो आणि दर वर्षी माझं मनगट धरलं जायचं. आप्पा गेले त्या वर्षी मी म्हणालो, "आता तरी टाक ती." तिनं डबी उचलून आत ठेवली. त्यानंतरही ती मांडत राहिली. का, असं विचारलं तर म्हणायची, "अवजार हाय." असल्या उत्तरावर माणसानं काय करावं? मी ताट सरकवून उठायचो.

आता मी हडपसरच्या पलीकडं मांजरी गावात मुलाकडं असतो, सातव्या मजल्यावर. इथं ठोकायची सोय नाही. एकदा बाल्कनीत एका तांब्याला पोचा आला होता तो काढायला बसलो, तर खालची बाई वर आली, "काका, मीटिंग चालू आहे." सगळ्या घरात कुणाची ना कुणाची मीटिंग चालू असते. कुंदाचा शेवटचा लॅपटॉप माझ्या खोलीत आहे. तिनं त्यात पोरींना शिकवण्यासाठी स्वतःच्या आवाजात धडे करून ठेवलेत. तो लावला की आवाज मधेच अडकायचा. महेश म्हणाला, "बाबा, जुना झालाय, टाकून देऊ. आवाज मी फोनवर घेऊन देतो." मी त्याच्यावर असा ओरडलो की कोमल, माझी सून, मीटिंग सोडून बाहेर आली. मग मी स्वतः तो उचलून हडपसरच्या एका दुरुस्तीवाल्याकडं नेला आणि म्हणालो, मेमरी वाढवून दे. त्यानं झाकण उघडलं, नवी पट्टी लावायच्या आधी आतली जुनी काढली, दात बघितले, आणि खणातून शाळेतल्या पोरांचं खोडरबर काढून दातांवरून दोनदा फिरवलं. काळं गेलं. परत बसवली, शेजारी नवी लावली. झालं. मी विचारलं, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढंच काका. रबरनं पुसायचं, पाणी लावायचं नाही." मी त्याच्या काउंटरवर हात आपटला. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?" तो बिचारा घाबरला. तेव्हा तो बहुधा स्वतःच ते रबर चावत असेल. पण मी कुणाला विचारायचं? खोडरबर! आमच्या आळीच्या तोंडाशी वाण्याकडं बरणीत भरून ठेवलेली असायची.

घरी येऊन तिचा आवाज लावला. आता अडकत नाही. ती पोरींना सांगते, "घाई करू नका, आधी पूर्ण ऐका, मग लिहा." मी तिला म्हणालो, तू कुणाचं ऐकून घेतलंस आणि कुणाला सांगितलंस? ती पुढचा धडा सांगत राहिली.

परवा खंडेनवमी होती, ती गेल्यानंतरची पहिली. महेशनं सगळ्यांचे लॅपटॉप टीपॉयवर मांडले. मी माझी हातोडी ठेवली. कोमल माझ्या खोलीतून ती तांब्याची डबी घेऊन आली. लग्नानंतर दोन वर्षं सासूला मांडताना बघितलं होतं तिनं. पट्टी बाहेर काढली आणि म्हणाली, "बाबा, आईंची ही मेमरी मांडायची ना? महेशच्या आजोबांनी घासलेली?"

महेश म्हणाला, "हो हो, तीच. आप्पाआजोबा सांगायचे, आईचं सगळं काम त्याच्यावर चाललं म्हणून."

त्यालाही तेच माहीत आहे. पोटात होता तेव्हा ह्या पट्टीपायी बसला लटकला, आणि त्यालाही तेच माहीत. मी पुढं झालो. इतकी वर्षं तोंडात धरलेलं सगळं वर आलं. आप्पा नव्हते दुखावायला. आई नव्हती. मनगट मोकळं होतं. मी ते दुसऱ्या हातानं चाचपून बघितलं.

कोमलनं विचारलं, "बाबा, ही अजून चालते का हो?"

"चालते की," मी म्हणालो. "छान चालते."

ती हळदीची चिमूट घेऊन वाकली. मी खेकसलो, "कमी घाल. खाचेत जाते."